पॅकिंग बदललं तरी ऑइल गळतंय? बाइकचं इंजिन उघडण्याआधी हे बघा

लाभपाचमीला गॅरेजं उघडली की बडोद्यात दांडिया बाजारापासून वाडीपर्यंत एकच रड ऐकू येते: "दिवाळीआधीच पॅकिंग बदललं होतं, परत गळायला लागलं." मेकॅनिक दोष थंडीला देतो, गाडीवाला मेकॅनिकला, आणि स्पेअरवाला नवीन पॅकिंग काढून काउंटरवर ठेवतो. माझं म्हणणं असं की एकाच जागी पुन्हा ऑइल दिसलं तर पॅकिंग खराब निघालं, हे कारण क्वचितच खरं असतं. एक तर गळती भलतीकडून आहे आणि ओघळ फक्त तिथे येऊन थांबतो. नाहीतर इंजिनातला दाब कुठलंच पॅकिंग टिकू देत नाही. किंवा मग पॅकिंग ज्या काठावर बसतं, जो शाफ्ट (फिरता दांडा) सीलच्या रबरी कडीत फिरतो, तोच बिघडलेला आहे. यातलं नेमकं काय ते ठरल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

आधी थंडीचं. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, क्वचित त्याच्या खाली. एवढ्याने रबर तडकत नाही आणि ऑइलही गोठत नाही. १०डब्ल्यू (ऑइलचा थंडीतला पातळपणा सांगणारी ग्रेड) ऑइलची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. बडोद्याची थंडी त्यांच्या खिजगणतीतही नाही. पण थंडी एक काम करते. कव्हर आणि केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचे. अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं; १०० मिलिमीटरचा तुकडा ८० अंशांनी तापला तर साधारण ०.१८ मिलिमीटर वाढतो. त्यामुळे गरम इंजिनात बोल्ट आपोआप ताणले जातात आणि जोड आवळून बसतो. रात्रभर गार पडलं की तो ताण उतरतो. नवी, लवचीक ओ-रिंग (जोडात बसणारी रबराची गोल कडी) ही फट भरून काढते. चार-पाच उन्हाळे इंजिनच्या डोक्याशी शिजलेली ओ-रिंग ती भरून काढत नाही.

म्हणूनच पहाटे ठिबकणारी गाडी गॅरेजला पोचेपर्यंत कोरडी होते. मेकॅनिक वाकून बघतो आणि म्हणतो, "क्यांय गळतुं नथी, काका." तो खोटं बोलत नसतो, तेव्हा खरंच गळत नसतं. अशा गळतीसाठी गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला सोडायची आणि सकाळी पहिल्या किकला तिथे हजर राहायचं. सहसा असं असतं: गार असताना गळून नंतर बंद झालं तर ओ-रिंग किंवा कव्हरचा जोड बघा. गाडी तापल्यावर, लांब चालवल्यावर गळलं तर फिरत्या शाफ्टचं सील किंवा आतला दाब बघा.

गळती शोधणं

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी करत नाही, आणि म्हणूनच पुढचा सगळा खर्च वाया जातो. इंजिन पूर्ण गार असताना डिझेल आणि जुन्या ब्रशने सगळी कळकट काढा. हेडच्या (इंजिनच्या डोक्याच्या) पंख्यांच्या, म्हणजे गार ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या मधली माती, चेन कव्हरच्या आतला काळा लगदा, सेंटर स्टँडच्या वरची बाजू, काही सोडू नका. मग साबणाच्या पाण्याने धुऊन फडक्याने टिपा आणि उन्हात वाळू द्या. डिझेलचा अंश राहिला तर तोच ओघळ म्हणून फसवतो. कोरडं झालं की साधी टाल्कम पावडर इंजिनभर भुरभुरवा, हेडपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंनी. खाली पुठ्ठा टाका. उघड्या जागी इंजिन चालू करून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, अधूनमधून थोडी रेस द्या. पांढऱ्या पावडरवर ऑइलची पहिली करडी रेघ जिथून सुटते ती जागा लगेच दिसते. उभ्याने काही दिसलं नाही तर जवळच्या जवळ एक चक्कर मारून या.

बघताना नजर वरून खाली आणि पुढून मागे न्यायची. चालत्या गाडीवर वारा ऑइल मागे ढकलतो आणि वजनाने ते खाली उतरतं; पुठ्ठ्यावरचा थेंब जिथे पडला त्याच्या वर गळती असेलच असं नाही. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका धरायचा.

स्प्लेंडरचं उदाहरण घ्या, आपल्या गल्लीत दुसरी गाडी आहे कुठे. तिचं सिलिंडर जवळजवळ आडवं. हेडला टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या) दोन गोल टोप्या, एक वरून आणि एक खालून. खालची टोपी एक्झॉस्टच्या बाजूची, म्हणजे जास्त गरम, आणि तिच्यात ऑइल साचूनही राहतं. तिची ओ-रिंग सगळ्यात आधी मरते. तिथून सुटलेलं ऑइल वाऱ्याने मागे जातं आणि क्लच कव्हरच्या खालच्या काठाला लोंबकळतं. गाडीवाला तो थेंब बघतो, मेकॅनिक क्लच कव्हर उघडतो, पॅकिंग बदलतो, आणि टोपी जशीच्या तशी गळत राहते. दोनदा-तीनदा क्लच कव्हरचं पॅकिंग घातलेल्या गाडीवर मी आता सवयीने आधी या टोपीखाली बोट फिरवतो.

ती टोपी काढून ओ-रिंग हातात घेतली की शंका उरत नाही. नवी रिंग गोल, दोरीसारख्या काटाची असते आणि दाबली की परत फुगते. जुनी एका बाजूने सपाट झालेली, चकाकणारी, आणि नखाने वाकवली तर कट्कन तुटते. नवी घेताना कंपनीचा पार्ट नंबर सांगूनच घ्या. डब्यातल्या ढिगातून 'हीच बसेल' म्हणून काढलेली रिंग व्यासाला बरोबर असते, पण जाडीला अर्धा मिलिमीटर कमी, आणि मग ती दाबलीच जात नाही. बसवताना तिला बोटभर इंजिन ऑइल लावा, सिलिकॉन नको. टोपी बेताची आवळा. हेडचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत.

फसव्या गळत्याही ओळखून ठेवा. चेनला जळकं ऑइल घालणारे बडोद्यात कमी नाहीत. ते पुढच्या स्प्रॉकेटभोवती उडतं आणि गिअर शाफ्टचं सील गेल्यासारखं दिसतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ओव्हरफ्लोचं पेट्रोल इंजिनवरची कळकट विरघळवून काळा ओघळ काढतं. बोट लावून वास घेतला की कळतं. पुढच्या फोर्कचं सील फुटलं तर ते ऑइल वाऱ्याने इंजिनच्या तोंडावर येतं.

दाब: पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर

पिस्टन खाली येतो तेव्हा केसिंगमधली हवा दाबली जाते आणि पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला वायू त्यात मिसळतो. त्याला बाहेर जायला ब्रीदर पाइप असतो. तो बहुतेक गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्यात जातो. हा पाइप चोंदला की शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं होतं, सगळ्यात कमकुवत जागेतून बाहेर पडतं. मग तुम्ही कितीही भारी पॅकिंग घाला, या महिन्यात क्लच कव्हर, पुढच्या महिन्यात किकचं सील.

हिवाळ्यात याला जास्त कारण मिळतं. राहत्या घरापासून रावपुऱ्यात दुकान, दोन-तीन किलोमीटर, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. तेवढ्यात ऑइल नीट तापत नाही, जळणातून आलेली वाफ आत गार होऊन पाणी होते आणि ऑइलमध्ये घोटली जाते. डिपस्टिकच्या झाकणाखाली, ब्रीदरच्या तोंडाशी पिवळट, मलईसारखा थर दिसतो तो हाच. थोडासा दिसला तर घाबरू नका. रविवारी गाडी हालोलपर्यंत नेऊन आणली तर तो बराच उडून जातो. सगळं ऑइलच दुधाळ झालं असेल तर मात्र आत बाहेरचं पाणी गेलंय, ऑइल लगेच बदला. उभ्या गाडीच्या पाइपात कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेही बघा; फुंकर मारून बाहेर पडलेली मातीची गोळी बघितल्याशिवाय कोणाला पटत नाही.

तपासणी सोपी आहे. पाइप दोन्ही टोकांनी सोडवा, फुंकून बघा, डिझेलने धुवा. नळी चिरलेली किंवा दुमडलेली असेल तर बदला. मग इंजिनकडचं टोक जोडून दुसरं मोकळं ठेवा, गाडी चालू करा आणि तोंडाशी तळहात धरा. हलके, तालात येणारे झटके ठीक. सतत, निळसर धुरासकट जोराची फुंक येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत, आणि पॅकिंगचा विषय तिथेच संपतो. ब्लॉक-पिस्टनचं काम निघालं. पाइप मोकळा ठेवून गळती थांबली, जोडल्यावर परत सुरू झाली, तर चोंद एअर फिल्टरच्या डब्याकडे आहे. त्या डब्याच्या तळाला बूच लावलेली एक छोटी नळी असते, साचलेलं पाणी-ऑइल काढायला. कित्येक गाड्यांत ती विकत घेतल्यापासून कोणी उघडलेली नसते.

ब्रीदरच्या जोडीला ऑइलची पातळी. मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे असतात, नुसतं बदलताना किती आणि इंजिन पूर्ण उघडल्यावर किती. दुसरा मोठा असतो. काही जण तोच धरतात, काही अख्खी बाटली रिकामी करतात. जास्त ऑइल क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या शाफ्टच्या) फटक्याने घुसळलं जाऊन फेसाळतं आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून वाट काढतं. पातळी बघताना गाडी सेंटर स्टँडवर सरळ, इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलेलं, वर दोन-तीन मिनिटं थांबलेलं असावं. हिरो-होंडाच्या घराण्यातल्या गाड्यांत डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून आत घालायची नाही. आटे फिरवून मापली तर भरपूर असल्याचा भास होतो, आणि खरं ऑइल कमी असतं. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते.

गळतं म्हणून जाड ऑइल भरायचा सल्ला सर्रास मिळतो: १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५०. मला तो पटत नाही. फट आहे तिथेच राहते, आणि गार इंजिनात जाड ऑइल हेडपर्यंत पोचायला उशीर लावतं. गळती थांबवणारी औषधंही नकोत. बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरायला लागला तर गळतीपेक्षा मोठा खर्च. जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल, बस्स.

कव्हर उघडावंच लागलं तर

आधी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि निघेल तो बोल्ट त्याच जागी भोक पाडून खोचा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, आणि कव्हर मात्र सैलच राहतं. तिथून गळणाऱ्या गाडीवर पॅकिंगला शिव्या खाव्या लागतात.

जुनं पॅकिंग स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं की अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो, आणि आतून बाहेरपर्यंत गेलेला ओरखडा म्हणजे ऑइलला काढून दिलेला पाट. पॅकिंगवर डिझेल किंवा थिनर लावून ते भिजू द्या, मग प्लास्टिकच्या पट्टीने काढा. काठ साफ झाला की कव्हर जाड काचेवर उपडं ठेवा. डुगडुगलं, किंवा ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) खाली सरकली, तर कव्हर वाकलंय. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून, थोडं ऑइल टाकून, कव्हर हलक्या हाताने गोल गोल फिरवा. चमक सगळीकडे सारखी आली की थांबा आणि धातूची पूड राहू नये म्हणून नीट धुवा.

क्लच कव्हर उघडलंच आहे तर आतली ऑइलची जाळी काढून बघा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ती तिथेच असते. मागच्या वेळी कोणी सिलिकॉनची ट्यूब सढळ हाताने पिळली असेल तर जाळीवर राखाडी रबराचे शेवयांएवढे धागे अडकलेले दिसतात. बाहेर दिसणारी सिलिकॉनची कड जेवढी, जवळपास तेवढीच आत दाबली गेलेली असते, आणि ती सुटून ऑइलच्या वाटेत जाते. जाळी भरली की वर कॅमशाफ्टला ऑइल कमी पडतं. कागदी पॅकिंगला सिलिकॉन लागत नाही. दोन केसिंग जिथे मिळतात त्या सांध्यावर थेंबभर चालतं, तेही कंपनीने सांगितलं असेल तर.

कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या पोकळ डॉवेल पिना जागेवर आहेत ना बघा. सगळे बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण एक किलो-मीटर, पुरतं. गळतंय म्हणून आणखी आवळलं की बोल्टच्या आसपास काठ दबतो, दोन बोल्टच्या मधे उचलला जातो, आणि गळती वाढते. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घ्या. तिथे टेप गुंडाळणं हा उपाय नाही. ड्रेन बोल्टचंही तसंच. खालचा वॉशर दर ऑइलला नवा, बोल्टवर लोंबकळायचं नाही.

पुराच्या पाण्यातून आलेली गाडी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, आणि समा, फतेगंज, अकोटा, कारेलीबागेत गाड्या हँडलपर्यंत पाण्यात होत्या. ऑइल बदलून, सर्व्हिस करून बहुतेक चालू झाल्या. अशा गाड्यांची गळती पुढच्या हिवाळ्यांत वर येते आणि मेकॅनिकला चक्रावून सोडते, कारण सील नवीन असतं.

गिअरचा, किकचा आणि पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट पोलादाचा. सीलच्या ओठाच्या (शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेच्या) आत तो ऑइलने सुरक्षित, पण ओठाच्या लगेच बाहेर चिखल बसून गंज धरतो. त्या गंजाचे बारीक खड्डे ओठाखाली आले की रबर कानशीवर घासल्यासारखं झिजतं. नवीन सील थोडे दिवस टिकतं आणि गळायला लागतं. म्हणून सील काढल्यावर शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर ६०० आणि मग १००० नंबरच्या पेपरची पट्टी शाफ्टभोवती गुंडाळून गोलाकार घासा, लांबीच्या दिशेने कधीच नाही. जागा मिळत असेल तर नवं सील मूळ जागेपेक्षा मिलिमीटरभर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या पोलादावर फिरेल. खड्डे खोल असतील तर शाफ्ट बदलणं आलं.

सीलवर तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तिन्ही जुळवून घ्या. स्प्रिंग दिसणारी बाजू आत, ऑइलकडे, ओठाला ग्रीस, आणि शाफ्टच्या आट्यांवर प्लास्टिक गुंडाळून मगच सील सरकवा.

पुढच्या स्प्रॉकेटचं सील परत परत जात असेल तर सील बसवण्याआधी शाफ्ट वर-खाली हलवून बघा. खेळ लागला तर बेअरिंग गेलंय. ते बहुतेकदा चेन फार ताणून ठेवल्याने जातं. चेनला मधोमध २०-३० मिलिमीटर सैलपणा हवा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आणि आपल्या गावाची खास गोष्ट: उत्तरायण (संक्रांतीची पतंगबाजी) झाल्यावर, १५ जानेवारीनंतरच्या पहिल्या रविवारी, स्प्रॉकेटचं कव्हर उघडून बघा. रस्त्यावरचा मांजा चेनबरोबर आत ओढला जातो आणि शाफ्टभोवती गुंडाळत सीलच्या ओठाशी जाऊन बसतो. नायलॉनच्या मांज्यावर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी रस्त्यावर तो सापडतोच, आणि तो सुती दोऱ्यासारखा तुटत नाही, रबर कापतो. चिमट्याने एकेक वेढा काढा. ब्लेड लावायचा मोह टाळा.

जुन्या बुलेटवाल्यांसाठी थोडं वेगळं. ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये ऑइलची टाकी केसिंगलाच जोडलेली असते. थंडीत गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल हळूहळू क्रँककडे उतरतं आणि पहिल्या किकला ब्रीदरमधून भसकन बाहेर येतं. ती गळती नव्हे. पण रोज वापरातल्या गाडीत होत असेल तर पंप आणि ब्रीदरच्या टोकाचं रबरी डकबिल (एकाच दिशेने उघडणारी झडप) बघा. राजदूतसारख्या टू-स्ट्रोकमध्ये याच्या उलट: जमिनीवर थेंब नाही, गिअर ऑइल मात्र कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. तिथे क्रँकचं सील गेलंय, बाहेर शोधत बसू नका.

ब्लॉकच्या तळाचं पॅकिंग, दोन केसिंगमधला सांधा, किंवा पडल्यामुळे गेलेली चीर, ही कामं अंगणात करायची नाहीत. पावडर लावलेल्या इंजिनाचा फोटो काढून न्या आणि रेघ कुठून सुटते ते मेकॅनिकला दाखवा. काम निम्मं होतं. मागच्या टायरवर ऑइल उडालं असेल तर साबणाने धुतल्याशिवाय गाडी वळणावर झुकवू नका. काढलेलं ऑइल गटारात न ओतता गॅरेजच्या पिंपात द्या.

दुरुस्तीनंतर दोन-तीन दिवस पुठ्ठ्यावर डाग येऊ शकतात. पंख्यांमध्ये आणि बोल्टच्या खोबणीत अडकलेलं जुनं ऑइल तापल्यावर उतरत असतं. ते पुसून परत पावडर मारा, रात्रभर गार होऊ द्या, आणि पहाटे पहिली किक मारल्यावरच बघा.